बोलेल त्याची चौकट

काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मी बरीच वर्षं "डीव्हीडीच्या कंपनीत आहे" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. खरं उत्तर असं, की मी सिनेमे कापायची. कात्रीनं नव्हे, एका फिरत्या बटणानं. पण कापायचीच.

आता डीव्हीडीच अडगळीत गेल्या, त्यामुळे थोडं समजावून सांगायला हवं. थिएटरातला पडदा लांबट असतो आणि तेव्हाचा घरातला टीव्ही जवळजवळ चौकोनी होता. लांबट चित्र चौकोनात बसवायचे दोनच मार्ग. एक, चित्र सबंध ठेवून लहान करायचं, म्हणजे टीव्हीवर वरखाली काळे पट्टे राहतात. हे वाइडस्क्रीन. दुसरा, चित्राचा एक तुकडा घेऊन तो टीव्हीभर पसरायचा आणि दोन्ही बाजूंचं उरलेलं सोडून द्यायचं. हे फुलस्क्रीन. जवळजवळ अर्धा सिनेमा टाकून देतात त्याला 'फुल' म्हणायचं! हे नाव ज्या कोणी काढलं त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

आमच्या कंपनीच्या डीव्हीडी स्वस्तातल्या. दुकानात पैसे द्यायच्या रांगेजवळ तारेची टोपली असायची ना, बॅटरीचे सेल आणि चिकटपट्ट्यांच्या शेजारी, त्या टोपलीतल्या. एका डबीत दोन सिनेमे, मागे चुकीची नावं आणि पुढे भलत्याच सिनेमातला फोटो. हा माल घेणाऱ्यांना काळे पट्टे अजिबात खपायचे नाहीत. "अर्धा टीव्ही रिकामा का?" अशी पत्रं यायची. पट्टे घालवायचं बटण कुठलं, असं विचारायला फोन यायचे. एका गृहस्थांनी तर पट्ट्यांपायी टीव्ही दोनदा दुरुस्तीला नेला होता आणि आता तिसऱ्यांदा नेऊ का, असं आम्हालाच विचारलं होतं. आमचे मालक ती पत्रं मला वाचून दाखवत आणि म्हणत, "लोकांना भरलेला टीव्ही पाहिजे. भर."

मी भरायची. माझी खोली बिनखिडकीची, जुन्या कार्पेटच्या वासाची. टेबलावर दोन पडदे. एकावर सबंध लांबट सिनेमा आणि त्यावर एक पांढरी चौकट. बटण फिरवलं की चौकट डावीकडे किंवा उजवीकडे सरकायची, आणि चौकटीत जे असेल ते दुसऱ्या पडद्यावर दिसायचं. दर शॉटला ठरवायचं, कोण राहणार आणि कोण जाणार. ठरवायचं म्हणजे काय, मालकांनी ठरवूनच दिलं होतं: बोलेल त्याची चौकट. जो बोलतो तो राहील, जो ऐकतो तो गेला. शॉट चालू असताना चौकट सरकवायची नाही, लोकांना गरगरतं. तीन दिवसांत एक सिनेमा, की पुढचा.

हे सगळं मी घरी सांगितलं नव्हतं, आणि त्याला कारण होते माझे बाबा.

बाबा थिएटरात ऑपरेटर होते. मशीनच्या खोलीत सदतीस वर्षं. हिवाळ्यातसुद्धा तिथे घाम यायचा. मशीनचा आवाज एवढा की बाबा घरीसुद्धा ओरडूनच बोलत आणि आई म्हणायची, "अहो, मी इथेच आहे, गच्चीवर नाही." शनिवारी दुपारच्या खेळाला मी त्यांच्याबरोबर जायची. भिंतीत दोन चौकोनी भोकं होती, एक मशीनच्या उजेडाला बाहेर जायला आणि एक बाबांना बघायला. बाबांच्या भोकापाशी स्टूल ठेवून मी उभी राहायची.

जाहिराती लहान चौकटीत लागायच्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळं कापड ओढलेलं असे. मग क्षणभर अंधार, आणि लांबट सिनेमा असला की बाबा भिंग बदलून कळ दाबत. दोन्हीकडचं कापड सावकाश बाजूला सरकायला लागे. सरकतंय, सरकतंय, आता थांबेल म्हणावं तर अजून सरकतंय. खाली बसलेली माणसं बोलायची थांबत. मला आजही डोळे मिटले की ते कापड सरकताना दिसतं. तेवढं सुख मला पुढे कुठल्याही सिनेमानं दिलं नाही.

त्यातला एक सिनेमा पंचवीस आठवडे चालला. नदीकाठच्या एका घराची गोष्ट. बाबांच्या मते त्याच्यासारखा सिनेमा पुन्हा झाला नाही, आणि ते मत त्यांनी एका प्रसंगावरून बनवलं होतं. घरात एक लांब जेवणाचं टेबल आहे, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजव्या टोकाला सून उभी राहून पत्र वाचून दाखवते. घर विकायचं ठरलंय, असं त्यात आहे. सगळे तिच्याकडे बघतायत. डाव्या टोकाला तिचा म्हातारा सासरा बसलाय. पत्र अर्ध्यावर असताना तो मुकाट्यानं उठतो आणि मागच्या दारानं निघून जातो. त्याच्या तोंडी शब्द नाही, संगीत नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. पाच सेकंदांत सगळं आटोपतं. सुनेचं पत्र संपतं आणि खुर्ची रिकामी. पुढचा सगळा सिनेमा त्या म्हाताऱ्याच्या शोधात जातो.

"त्याच्याकडे बघायचं नाही हं," बाबा मला सांगत. "बघायचं सुनेकडे. तो आपोआप दिसला पाहिजे. डोळ्याच्या कडेनं."

स्वतः बाबा मात्र त्या वेळी पडद्याकडे बघतच नसत. ते खालची माणसं बघत. आधी डाव्या बाजूच्या खुर्च्या गप्प व्हायच्या, मग मधल्या, मग उजवीकडच्या. दर खेळाला तसंच. बाबा मला कोपरानं ढोसत, "बघ, गेला की नाही सगळ्यांच्या काळजाचा ठोका?" मी आठ वर्षांची. मला काळजाचा ठोका वगैरे काही कळत नव्हतं, पण बाबांच्या आवाजात एवढा आनंद असे की मीही मान डोलवायची.

आमचं दोघांचं सगळं बोलणं सिनेमाचंच असायचं. आई वैतागायची. पुढे थिएटर बंद पडलं, तिथे कपाटं आणि पलंग विकायला लागले, बाबा घरी बसले, मी नोकरीला लागले, तरी जेवताना आमचं तेच. कुठल्या शॉटमध्ये दिवा कुठे होता यावरून आम्ही भांडायचो. मला लग्न, पगार, तब्येत यावर बाबांशी दोन वाक्यंसुद्धा धड बोलता येत नसत. सिनेमावर तासभर.

आणि मग तो सिनेमा माझ्याच टेबलावर आला.

म्हाताऱ्याच्या शॉटला मी अर्धा तास थांबले. चौकट उजवीकडे ठेवली की सून राहते, म्हातारा जातो. डावीकडे ठेवली की म्हातारा राहतो, आणि पत्राचा नुसता आवाज येतो. मधे ठेवली तर दोघंही जातात आणि टेबलावरचं फुलपात्र राहतं. सून ते म्हातारा अशी चौकट सरकवूनही पाहिली. नेमके मालक आत आले. "हे काय जहाजासारखं डोलतंय? कोण बोलतंय इथे?"

"सून."

"मग झालं की!"

झालं. चौकट उजवीकडे ठेवली आणि पुढे गेले. जेवणाची वेळ झाली होती म्हणून डबाही खाल्ला. मला खूप वाईट वाटलं आणि घास गिळवेना, असं सांगायला मला आवडेल, पण तसं काही झालं नाही. भूक लागली होती.

चार महिन्यांनी बाबा किराणा आणायला गेले आणि टोपलीतून ती डीव्हीडी घेऊन आले. स्वारी एवढी खुशीत होती की पिशवीतलं तेल विसरून दुकानातच ठेवून आली. लगेच लावली. मी कामावरून आले तेव्हा सिनेमा केव्हाच संपला होता, आणि बाबा बंद टीव्हीसमोर बसले होते. डबीच्या मागे बारीक अक्षरात कंपनीचं नाव होतं.

"ही तुमच्या कंपनीची?"

"हो."

"कोणी केली?"

खोटं बोलता आलं असतं. कंपनीत आणखी दोघं होते. पण बाबांशी सिनेमाबद्दल मी कधी खोटं बोलले नव्हते.

"मी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडून बोलणारा माणूस, पण त्या वेळी अगदी हळू बोलले. "तुला तो दिसलाच नाही?"

शरम वाटली की माझं डोकं फिरतं, हा माझा जुना रोग आहे. मी भडकले. लोकांना काळे पट्टे नको असतात, तिथे नियम असतात, मला तीन दिवस मिळतात, आणि तुम्हाला आमच्या कामातलं काय कळतंय, असं सगळं एका दमात म्हणून टाकलं. शेवटचं वाक्य तर चांगलं मोठ्यानं. बाबांनी चकती डबीत घातली आणि डबी रेडिओच्या मागे सारून दिली.

त्यानंतर चार वर्षं बाबा माझ्याशी सिनेमाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. अबोला नव्हता. भाजी काय आणू, छत्री घे, दूध आलं का, हे सगळं चालू होतं. पण मी एखाद्या सिनेमाचं नाव काढलं की ते उठून पाणी प्यायला जात. आणि सिनेमा वजा केला तर आमच्यात बोलायला उरत होतं काय? जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज ऐकू यायला लागले. मी हट्टी, ते माझ्याहून हट्टी, आणि आई दोघांच्या मधे. "तुम्ही बापलेकी मला डॉक्टरकडे पोचवणार," असं म्हणायची.

त्या वर्षांत बाबांचं धडपडणंही वाढलं होतं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे. जेवताना हात लागून पाण्याचा पेला कलंडायचा.

"हा पेला इथे कोणी ठेवला?"

"मी. तीस वर्षं तिथेच ठेवतेय," आई म्हणायची.

संध्याकाळचं फिरणं त्यांनी बंद केलं. वय झालं, असं आई म्हणे. मला वाटे, माझ्यावरचा राग वस्तूंवर काढतायत. मी तरी कशाला विचारतेय!

मग टीव्ही बदलले. दुकानादुकानांतून लांबट टीव्ही आले, लोकांनी ते घेतले, आणि आमच्या कंपनीत पुन्हा पत्रं यायला लागली. आता फुलस्क्रीन डीव्हीडी लावली की काळे पट्टे डावी-उजवीकडे दिसत होते. मालकांनी कपाळाला हात लावला. "सगळं पुन्हा काढ. वाइडस्क्रीन."

"पहिला कुठला काढायचा ते मी ठरवणार," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना काही मागितलं होतं.

नदीकाठच्या घराचा सिनेमा मी पुन्हा टेबलावर घेतला. काम काय होतं? काहीच नाही. धुळीचे ठिपके पुसायचे आणि बाकी हात लावायचा नाही. पांढरी चौकट काढून टाकली आणि म्हातारा आपल्या जागी बसलेला दिसला. मी एकटीच होते. त्याला म्हटलं, "या."

त्या रविवारी दुपारी मी डीव्हीडी घरी आणली. टीव्ही तोवर आमच्याकडेही लांबट आला होता.

"बाबा, बघा तरी. सबंध आहे, वाइडस्क्रीन. मीच केलीय."

बाबांनी डबी उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, पाणी प्यायला जातील. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि टीव्हीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर बसले. त्यांचं तसंच असे. टीव्ही एवढासा, जवळ बसल्याशिवाय त्याच्या कडा डोळ्यांच्या कडांपर्यंत येत नाहीत, असं ते म्हणत. आई स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. मी रिमोट घेऊन बाजूला, जमिनीवर बसले.

सिनेमा सुरू झाला. बाबा उठले नाहीत. पहिला अर्धा तास मी काय पाहिलं ते मला आठवत नाही. मग ते टेबल आलं. सून उभी राहिली, पत्र उघडलं. मी टीव्हीकडे बघायचं सोडून बाबांकडे बघायला लागले. मला तो चेहरा बघायचा होता.

तिकडे डावीकडे म्हातारा उठला. टेबलाला हात टेकून, सावकाश. लख्ख दिसत होता.

बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ते सुनेकडे बघत वाट बघत होते. मग त्यांची मान डावीकडे वळायला लागली. हळूहळू, एका गतीनं, डोळे समोर ठेवून नुसती मान. ती डाव्या टोकाला पोचली तेव्हा म्हातारा दाराबाहेर गेला होता आणि खुर्ची रिकामी होती. मान तशीच हळूहळू उजवीकडे परत आली.

ती हालचाल दुसऱ्या कोणाच्या लक्षात आली नसती. मी आयुष्याची नऊ वर्षं तेच केलं होतं. माणूस निघून गेल्यावर चौकट पोचते, ही नवशिक्याची चूक मी सुरुवातीला शंभरदा केली होती. बाबा मानेनं चौकट सरकवत होते. त्यांना एका वेळी तेवढंच दिसत होतं.

"कापलासच," बाबा म्हणाले.

"अहो, पण तो तर आत्ता..." आई दारातून बोलली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या पाठीकडे, आणि पदर तोंडाला लावला.

"वर तोंड करून सांगतेस, सबंध आहे म्हणून," बाबा आता माझ्याकडे वळले होते आणि त्यांचा जुना आवाज परत आला होता. "मी काय आंधळा आहे?"

रिमोट माझ्या हातात होता. दहा सेकंद मागे न्यायचं, थांबवायचं आणि बोट ठेवायचं: हा काय, बाबा. चार वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. मी जिंकले होते, आणि मी रिमोट जमिनीवर ठेवला. खांदा, पेला, संध्याकाळचं फिरणं, सगळं एकदम समजलं.

"कापला, बाबा," मी म्हटलं. "चुकलं माझं."

बाबा उठून पाणी प्यायला गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चष्म्याचा नंबर वाढल्याचं नाटक केलं आणि सोबत चला म्हटलं. तिथे डॉक्टरीणबाईंना आधीच फोन करून ठेवला होता. त्यांनी माझे डोळे तपासल्यासारखं केलं आणि मग सहज म्हटलं, "आजोबा, आलाच आहात तर तुमचेही बघू या." बाबांना 'आजोबा' म्हटलेलं आवडलं नाही, पण ते बसले.

एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं. मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला बारीक उजेड लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. बटणाचा टक् आवाज यायचा. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होते. टक्, टक्, आणि मग खूप वेळ काहीच नाही. ते मधले रिकामे वेळ ऐकताना मला रडू आवरेना. हा माणूस चार वर्षं माझ्यासमोर हातभर अंतरावर जेवत होता. आम्ही पूर्वीसारखे शेजारी बसून सिनेमे बघत असतो तर मला पहिल्या महिन्यात कळलं असतं. मला ते कळलंच असतं, माझा धंदाच तो होता.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून निघालेला कागद समोर ठेवला. दोन डोळ्यांची दोन चित्रं. दोन्ही बाजू काळ्या कुळकुळीत आणि मधे पांढरा तुकडा. डोळ्यांतला दाब वाढलाय, त्या सांगत होत्या. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकेल. दिवसातून दोनदा, न चुकता. आणखी वर्ष गेलं असतं तर मधलंही गेलं असतं.

बाबांनी कागद हातात घेतला, मान हलवत हलवत सबंध पाहिला.

"फुलस्क्रीन," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला हसू फुटलं, आणि रडूही, आणि त्यांनी मला पाण्याचा पेला दिला.

खाली औषधाच्या दुकानासमोर आम्ही बाकावर बसलो. थेंबांची बाटली बाबांच्या खिशात होती.

"म्हणजे तो होता," बाबा म्हणाले.

"होता."

"मग कापला का म्हणालीस?"

"काय सांगणार होते? तो आहे, तुम्हालाच दिसत नाही, असं?"

"हो. असंच सांगायचं." मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, हल्ली मशीनवालेच कडा कापतात. थिएटरात गेलो होतो मधे एकदा, तुला न सांगता. तिथेही मला बाजू कापलेल्याच दिसल्या. मी मशीनवरच्या पोराला शिव्या घालून आलो."

घरी पोचल्यावर आईनं थेंब घातले. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं होतं, बाबा बसले. मग उठून त्यांनी रेडिओच्या मागून जुनी डबी काढली. माझी, फुलस्क्रीन.

"ही लाव."

"ती कशाला? ती कापलेली आहे. दुसरी लावते, आपण मागे बसून बघू, लांबून जास्त मावेल..."

"लांबून मला चेहरे दिसत नाहीत. ही लाव. आता माझ्यापुरती पुरते."

ते ऐकून मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. पण लावली. बाबा त्यांच्या स्टुलावर, हातभर अंतरावर. चित्र टीव्हीच्या मधोमध, दोन्हीकडे काळे पट्टे. बाबांची मान अजिबात हलत नव्हती. मी अशी चौकट निवडली होती, की त्यात सगळं समोरच यावं. चार वर्षांनी पहिलं बरं गिऱ्हाईक मिळालं, ते घरचंच.

पहिला शॉट नदीचा. बाबा म्हणाले, "इथे डावीकडे काय होतं?"

मला वाटलं, टोमणा आहे. पण ते टीव्हीकडेच बघत होते, थांबून राहिले होते.

"दोन होड्या," मी म्हटलं. "एक उलटी घातलेली. तिच्यावर मासे वाळत टाकलेत."

"बरोबर. आणि आता? हा जिना?"

"उजवीकडे कठड्याचा एक गज मोडलाय. तिथे सुतळी बांधलीय."

"आता?"

"खिडकी. खिडकीत मांजर बसलंय. सून बोलते तोवर ते तिच्याकडे बघतं, आणि नवरा बोलायला लागला की तोंड फिरवतं."

"मांजर?" बाबांनी स्टूल माझ्याकडे फिरवलं. "कसलं मांजर? पंचवीस आठवडे लावला मी हा सिनेमा. मांजरबिंजर काही नाही त्यात."

"आहे. करड्या रंगाचं. तुम्ही लोकांकडे बघत होतात तेव्हा."

"अहो, मांजर आहे," आई आतून म्हणाली. "कालच दिसलं मला."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. माझा चेहरा मधल्या तुकड्यात आणण्यासाठी त्यांनी मान जराशी हलवली. "तुला एवढं सगळं दिसलं होतं?"

"बघितल्याशिवाय कापता येत नाही, बाबा," मी म्हटलं. "ठेवलं ते मी विसरलेय. कापलेलं सगळं पाठ आहे."

हात पुढे करून त्यांनी माझं डोकं चाचपलं, आधी कान लागला, मग केस. लहानपणी स्टुलावरून उतरवताना धरायचे तसा तो हात थोडा वेळ तिथेच राहिला.

त्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलोच नाही. दर शॉटला बाबा थांबवायला लावत होते, मी सांगत होते, आणि निम्म्या वेळा ते मला खोटं पाडत होते. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताटं झाकून ठेवली आणि बापलेकींच्या नावानं बोटं मोडत येऊन आमच्या शेजारी बसली.

"थांबव," बाबा ओरडले, गच्चीवर ऐकू जाईल एवढ्यानं. "इथे उजवीकडे काय होतं?"